अक्षरांचे त्रैराशिक

पुढे दिलेला प्रश्न आधी सोडवा, उत्तर समासात लिहून ठेवा आणि मगच लेख वाचायला घ्या.

ख : ङ :: ज : ?
(१) ठ (२) ट (३) ञ (४) ण

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'समसंबंध' या नावाने असे प्रश्न येतात. पहिल्या दोन अक्षरांत जे नाते आहे तेच पुढच्या दोघांत यायला हवे, एवढीच अट. वरचा प्रश्न माझ्या भाचीच्या एका सराव प्रश्नपत्रिकेतला आहे. तिने 'ञ' वर खूण केली होती. तपासणाऱ्यांनी तिथे लाल फुली मारून शेजारी 'ट' लिहिले होते. गुण गेल्याचे तिला फारसे दुःख नव्हते. पण फुलीचे कारण कळत नव्हते. ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, यात माझं काय चुकलं ते सांग."

मी लगेच सांगू शकले नाही. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी 'ट' कसा येतो ते पाहू. अक्षरांचे प्रश्न सोडवण्याचा राजमार्ग म्हणजे अक्षरांना अनुक्रमांक देणे. क हा १, ख हा २, असे मोजत गेले की ङ हा ५ येतो. ख पासून ङ तीन घरे पुढे आहे. ज चा क्रमांक ८. त्याच्या पुढे तीन घरे म्हणजे ११, आणि अकरावे व्यंजन ट. उत्तर मिळाले.

इंग्रजी अक्षरांच्या प्रश्नांत तर याशिवाय दुसरा मार्गच नसतो. तिथे मुले ए ते झेड या अक्षरांखाली १ ते २६ आकडे लिहून घेतात. ज्यांना ते लिहिण्याइतका वेळ घालवायचा नसतो ती ई, जे, ओ, टी, वाय ही पाच अक्षरे पाठ करतात. त्यांचे क्रमांक ५, १०, १५, २०, २५ असे पाचाच्या पाढ्यात येतात, म्हणजे ए आणि बी सोडले तर कोणतेही अक्षर यांतल्या एखाद्यापासून फार तर दोन घरे दूर. क्यू म्हणजे ओ नंतर दुसरे, म्हणून १७. झेडच्या पुढे जायची वेळ आली तर घड्याळासारखे पुन्हा एपासून सुरू करायचे. एक्स (२४) च्या पुढे पाच घरे म्हणजे २९, त्यातून २६ वजा केले की ३, म्हणजे सी. अकरा वाजल्यानंतर तीन तासांनी चौदा न वाजता दोन वाजतात, तोच हिशेब.

कधी कधी नाते अंतराचे नसून आरशाचे असते. 'बी-के-आर : वाय-पी-आय :: डी-एच-एम : ?' हा प्रश्न घ्या. बी ते वाय २३ घरे पुढे, के ते पी पाच घरे पुढे, आर ते आय नऊ घरे मागे. यात काही सूत्र दिसत नाही. पण क्रमांकांची बेरीज करून पाहा. २ आणि २५, ११ आणि १६, १८ आणि ९, तिन्ही वेळा बेरीज २७. म्हणजे पहिल्याला शेवटचे, दुसऱ्याला शेवटून दुसरे, अशी जोडी लावलेली आहे. मग डी (४) ला २३ म्हणजे डब्ल्यू, एच (८) ला १९ म्हणजे एस, एम (१३) ला १४ म्हणजे एन. वजाबाकीने गाडी अडली की बेरीज करून पाहावी, ही युक्ती विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

आता भाचीचे म्हणणे. तिने आकडे मांडलेच नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता होता :

क ख ग घ ङ
च छ ज झ ञ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म

ती म्हणाली, "ख क-वर्गातला आहे आणि ङ हे क-वर्गाचं अनुनासिक. ज च-वर्गातला, त्याचं अनुनासिक ञ. शंखमधल्या अनुस्वाराचा उच्चार ङ होतो आणि पंजामधल्याचा ञ. सरांनीच व्याकरणाच्या तासाला शिकवलंय."

हे सगळे शब्दशः खरे आहे. मराठीत आपण अनुस्वाराचा एकच ठिपका देतो, पण तो ठिपका पुढच्या अक्षराप्रमाणे आपला उच्चार बदलतो. अंक, पंच, घंटा, संत, खांब हे शब्द सावकाश उच्चारून जिभेची जागा पाहा. ख ला ङ आणि ज ला ञ हे नाते परीक्षेसाठी कोणी बनवलेले नाही, ते आपल्या तोंडात रोज घडते.

हा तक्ता म्हणजे नुसती यादी नव्हे. आडव्या ओळीतली अक्षरे तोंडात एकाच जागी उमटतात. वरून खाली येताना ती जागा कंठ, तालू, मूर्धा, दात आणि ओठ अशी घशाकडून बाहेर सरकत येते. उभ्या रकान्यांना वेगळा अर्थ आहे. पहिले दोन रकाने अघोष, पुढचे दोन घोष, दुसरा आणि चौथा महाप्राण, पाचवा अनुनासिक. तळहात ओठांसमोर धरून 'क' आणि 'ख' म्हटले तर 'ख' च्या वेळी हवेचा झोत जाणवतो. नाक चिमटीत धरून 'म' म्हणायला गेले तर तो धड उमटत नाही. मुलांना हे प्रयोग फार आवडतात आणि साहित्य काही लागत नाही. (मराठीतल्या च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, 'चहा' तला वेगळा आणि 'चमचा' तला वेगळा, हे मात्र तक्त्यात मावत नाही.)

इंग्रजी वर्णमालेचे तसे नाही. बी नंतर सी का, याला उच्चाराच्या दृष्टीने काही कारण देता येत नाही. तो क्रम जुन्या लिप्यांकडून वारशाने आला, इतकेच. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या प्रश्नात अनुक्रमांकाखेरीज हाताशी फारसे काही नसते, फार तर स्वर-व्यंजन हा भेद. तोच साचा उचलून देवनागरीत आणला की घोटाळ्याला जागा होते, कारण इथे अक्षराला रांगेतला क्रमांकही आहे आणि तक्त्यातले घरही.

मग बरोबर कोण? माझ्या मते दोघेही, आणि म्हणून प्रश्न चूक.

आपण त्रैराशिक शिकवतो तेव्हा तीन राशी देऊन चौथी काढायला सांगतो. ३ वह्यांना ६० रुपये तर ५ वह्यांना किती? उत्तर एकच येते, कारण वह्या आणि किंमत यांचे प्रमाण समान आहे हे आपण आधीच मान्य केलेले असते. नाते दिलेले असते, संख्या शोधायची असते. समसंबंधाचा प्रश्न लिहायची पद्धत गुणोत्तराचीच, त्या दोन टिंबांच्या जोड्यांसकट. त्यामुळे तोही त्रैराशिकासारखा काटेकोर वाटतो. पण इथे नातेच शोधायचे असते आणि नमुना म्हणून जोडी एकच मिळते. '२ : ३ :: ८ : ?' याचे उत्तर गुणोत्तराने १२ येते आणि 'एक मिळवा' या नियमाने ९.

एका नमुन्यावरून नियम काढणे ही धोक्याची गोष्ट आहे, हे गणिताच्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको. पाच नमुनेही पुरत नाहीत याचे एक सुंदर उदाहरण आहे. वर्तुळाच्या परिघावर बिंदू घ्या आणि प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडा. वर्तुळाचे किती भाग पडतात ते मोजा. एक बिंदू असताना १, दोन असताना २, मग ४, ८, १६. पुढचा आकडा ३२ असणार असे सगळा वर्ग ओरडून सांगतो. सहा बिंदू घेऊन मोजले, आणि तीन रेषा आत एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशी काळजी घेतली, तर भाग भरतात ३१.

यावर परीक्षकांचे नेहमीचे उत्तर असे, की शक्य असलेल्या नियमांतला सर्वांत साधा नियम घ्यायचा. विज्ञानातही आपण तेच करतो, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण साधा म्हणजे काय? रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९६५ साली यासाठी एक माप सुचवले. एखादी गोष्ट कमीत कमी किती लांबीच्या कृतीने सांगता येते, ते तिच्या गुंतागुंतीचे माप. पण ही लांबी कोणत्या भाषेत मोजायची, यावर थोडी अवलंबून राहते. मोठ्या मजकुराच्या बाबतीत तो फरक नगण्य ठरतो, दोन-चार अक्षरांच्या कोड्यात मात्र तोच सगळे ठरवतो. ज्याला फक्त अनुक्रमांक ठाऊक त्याला 'तीन घरे पुढे' हा छोटा नियम. ज्याला वर्ग आणि अनुनासिक हे शब्द रोजचे आहेत, त्याला 'आपल्या वर्गाचे अनुनासिक' हा तितकाच छोटा. म्हणजे इथे जे तपासले जाते ते निव्वळ बुद्धी नव्हे. मुलाने आधी काय शिकले आहे, तेही त्यात येते.

रांगेतला क्रमांक की तक्त्यातले घर, हा पेच रसायनशास्त्रात एकदा खरोखर पडला होता. दमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली, तेव्हा जस्तानंतर माहीत असलेले पुढचे मूलद्रव्य होते आर्सेनिक. नुसता क्रम पाळला असता तर आर्सेनिक ॲल्युमिनियमच्या गटात गेले असते. पण त्याचे गुणधर्म फॉस्फरसशी जुळत होते. मेंडेलीव्ह यांनी ते फॉस्फरसच्या गटात बसवले आणि मधली दोन घरे रिकामी ठेवली. रिकाम्या घरांना त्यांनी नावेही दिली, एका-ॲल्युमिनियम आणि एका-सिलिकॉन. त्यातला 'एका' हा संस्कृतातला 'एक'. पुढे १८७५ साली गॅलियम सापडले आणि १८८६ साली जर्मेनियम. एका-सिलिकॉनचा अणुभार ७२ आणि घनता ५.५ असेल असे त्यांनी १८७१ साली वर्तवले होते. जर्मेनियमचे आज मान्य असलेले आकडे ७२.६३ आणि ५.३२ आहेत. क्रमांक मोजून समाधान मानले असते तर ती दोन घरे कोणाला दिसलीच नसती. भाचीने केले ते जातीने याच प्रकारचे काम आहे, हे तिला मी सांगितले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

अक्षरांच्या समसंबंधाचा गंभीर अभ्यास संगणकशास्त्रात झाला आहे. अमेरिकेतले डग्लस हॉफस्टॅटर आणि त्यांच्या विद्यार्थिनी मेलनी मिचेल यांनी १९८०च्या दशकात 'कॉपीकॅट' नावाचा संगणकीय कार्यक्रम रचला. त्याला ते असे प्रश्न घालत : 'ए-बी-सी' चे 'ए-बी-डी' होते, तर 'आय-जे-के' चे काय होईल? बहुतेक जण 'आय-जे-एल' म्हणतात. 'शेवटचे अक्षर काढून तिथे डी लिहा' हाही नियम बसतो आणि त्याने 'आय-जे-डी' येते, पण ते आपल्याला रुचत नाही. खरी मजा पुढे आहे. 'एक्स-वाय-झेड' चे काय होईल? झेडच्या पुढे अक्षर नाही आणि घड्याळासारखे एवर यायला या खेळात परवानगी नाही. कोणी 'एक्स-वाय-डी' म्हणेल, कोणी 'एक्स-वाय-वाय'. हॉफस्टॅटर यांना सर्वांत सुंदर वाटलेले उत्तर आहे 'डब्ल्यू-वाय-झेड'. एका टोकाला ए, दुसऱ्या टोकाला झेड, म्हणजे सगळे चित्र आरशात उलटे झाले. तिथे शेवटचे अक्षर एक घर पुढे गेले, तर इथे पहिले अक्षर एक घर मागे येईल. कॉपीकॅट दर वेळी एकच उत्तर देत नसे. पुन्हा पुन्हा चालवला की वेगवेगळी उत्तरे निघत, काही वारंवार, काही क्वचित. उत्तर कोणते यापेक्षा ते कसे सुचले, हा या संशोधकांच्या कुतूहलाचा विषय होता.

या कोड्यांना अलीकडे पुन्हा महत्त्व आले. २०२३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील टेलर वेब, कीथ होलिओक आणि हाँगजिंग लू यांनी दाखवले, की जीपीटी-३ हे भाषा-प्रारूप अशा प्रश्नांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बरोबरीने किंवा वरचढ उतरते. यावर मार्था लुइस आणि मेलनी मिचेल यांनी २०२४ साली एक साधी युक्ती केली. त्यांनी वर्णमालेतली अक्षरे पिसून नवा क्रम तयार केला, तो प्रश्नासोबत समोर ठेवला आणि त्या क्रमावरचे प्रश्न विचारले. माणसांना त्याचा फारसा त्रास झाला नाही. तपासलेल्या जीपीटी प्रारूपांची कामगिरी मात्र खाली आली. आपल्याही वर्गात ही युक्ती वापरण्याजोगी आहे. फळ्यावर 'म, क, स, त, ल, प, ग, र' असा मनमानी क्रम लिहावा आणि विचारावे, या क्रमात 'म-क-स' चे 'म-क-त' झाले तर 'ल-प-ग' चे काय होईल? पाठांतराचा उपयोग शून्य, नात्याचा पुरेपूर. (उत्तर 'ल-प-र'.)

आता प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांसाठी. आपला प्रश्न दुरुस्त कसा करायचा? जोडी आणखी एक द्यायची, पण ती विचारपूर्वक निवडायची. समजा आपण 'ख : ङ, ठ : ण' अशा दोन जोड्या दिल्या. काही उपयोग नाही. ठ पासून ण तीन घरे पुढे आहे आणि तो ट-वर्गाचा अनुनासिकही आहे. दोन्ही नियम पुन्हा सुखाने नांदतात. दुसऱ्या रकान्यातून कोणतेही अक्षर घेतले तरी हेच होणार. त्याऐवजी 'ख : ङ, च : झ' द्या. च पासून झ तीन घरे पुढे आहे, पण तो अनुनासिक नाही. आता 'ट' हेच उत्तर. किंवा 'ख : ङ, ट : ण' द्या. इथे अंतर चार घरांचे झाले, म्हणजे अंतराचा नियम मोडला, अनुनासिकाचा टिकला. आता उत्तर 'ञ'. प्रयोगशाळेत दोन सिद्धांतांपैकी एक निवडायचा असतो तेव्हा आम्ही हेच करतो. जिथे दोघांचे भाकीत सारखे येते तिथे हजार मोजमापे घेऊन काही कळत नाही. जिथे ते वेगळे येते तिथे एकच पुरते.

देवनागरीत आणखी एक खड्डा आहे. म पर्यंत पंचवीस अक्षरे निर्विवाद. पुढे य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ मिळून चौतीस होतात. क्ष आणि ज्ञ मोजायचे की नाही? ष हा एकतिसावा. त्याच्या पुढचे पाचवे घर क्ष-ज्ञ धरले तर 'ज्ञ' येते, आणि न धरता पुन्हा क पासून सुरुवात केली तर 'ख'. असे प्रश्न काढूच नयेत, किंवा वर्णमाला प्रश्नाच्या वर छापावी.

विद्यार्थ्याने परीक्षेत काय करावे, हा प्रश्न उरतो. मी त्या सरावाच्या सरांना जाऊन भेटले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण त्या घटकेला परीक्षकाशी वाद घालता येत नाही." त्यांचेही खोटे नाही. म्हणून मी भाचीला असे सांगितले. सुचलेल्या नियमाने आलेले उत्तर पर्यायांत आहे का पाहावे. नसेल तर नियम बदलावा. असेल तर एकदा दुसरा नियम लावून त्याचेही उत्तर पर्यायांत नाही ना, एवढे पाहावे. दोन्ही असतील तर त्या प्रश्नपत्रिकेतल्या आजूबाजूच्या प्रश्नांचा रोख पाहून निवड करावी, आणि घरी आल्यावर प्रश्न लिहून ठेवावा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि तिच्यावर हरकती मागवते. हरकत घेताना 'आमच्या मुलीचेही उत्तर बरोबर आहे' एवढे म्हणून भागत नाही. दोन्ही नियम शब्दांत मांडून, दोन्ही उत्तरे पर्यायांत आहेत हे दाखवावे लागते. ते काम शिक्षकांनीच करायला हवे.

सराव परीक्षेतली ती फुली तशीच राहिली. चार दिवसांनी भाचीने मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर तिने स्वतः काढलेला प्रश्न होता :

त : न :: ब : ?

मी म्हणाले, "चार घरे पुढे मोजलं तर र, अनुनासिक घेतलं तर म. दोन उत्तरं." ती म्हणाली, "तीन आहेत." मला तिसरे सापडायला संध्याकाळ झाली. ते उत्तर आहे 'ब'. ब चे उत्तर ब कसे, ते आपल्या वर्गात विचारून पाहा.